कडक उन्हाच्या प्रदेशात गॅरेजच्या दरवाजाची स्प्रिंग बदलताना घ्यायची काळजी

सारंग_चँडलर

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या फिनिक्स परिसरातल्या आमच्या मराठी गटावर दर उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास येतो. गॅरेजच्या दरवाजाची स्प्रिंग तुटलेली असते, गाडी आत अडकलेली असते, मिस्त्री दोन दिवसांनी येणार असतो आणि विचारणाऱ्याने तोपर्यंत चार व्हिडिओ पाहून हत्यारे मागवायची तयारी केलेली असते. प्रत्येक वेळी तुकड्यातुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे, म्हणून हा धागा काढत आहे. मी यंत्र अभियंता आहे, घरच्या स्प्रिंगा मी स्वतः बदललेल्या आहेत, आणि तरीही बहुतेकांना मी हे काम हाती घेऊ नका असेच सांगतो, विशेषतः मे ते सप्टेंबर या काळात. त्यामागची कारणे इथे मांडतो.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. उन्हाने स्प्रिंग तुटत नाही. तापमान वाढले की पोलादाचा ताठपणा कमी होतो हे खरे, पण ४० अंशांच्या फरकाने तो जेमतेम एक टक्का उतरतो. जानेवारीत १५० पौंडांचा दरवाजा नेमका तोलून धरणारी स्प्रिंग जुलैमध्ये फार तर दीड-दोन पौंड कमी उचलेल, आणि तेवढा फरक हाताला कळतही नाही. स्प्रिंग तुटते ती थकव्याने. दरवाजा एकदा उघडून बंद झाला की तिचे एक आवर्तन संपते, आणि अमेरिकेतल्या दरवाजा-उत्पादकांच्या मानकानुसार साध्या स्प्रिंगेने अशी किमान १०,००० आवर्तने टिकावे अशी अपेक्षा असते. दिवसाला चार वेळा उघडझाप होत असेल तर हे आयुष्य सुमारे सात वर्षांचे होते. आपल्याकडे मात्र बहुतेक कुटुंबे पुढचे दार वापरतच नाहीत. मुले, भाजी, कचऱ्याचा डबा, सगळी ये-जा गॅरेजमधूनच होते. उघडझाप आठवर गेली की तीच स्प्रिंग साडेतीन वर्षांत थकते.

उन्हाचा परिणाम आडवाटेने होतो. स्प्रिंगेच्या वेढ्यांवरचे वंगण सुकते. १५ जून ते ३० सप्टेंबर या इथल्या मान्सूनच्या काळात धुळीची वादळे येतात आणि ती बारीक धूळ उरल्यासुरल्या तेलकट थरावर बसते. मग दरवाजा हलताना वेढे एकमेकांवर कोरडे घासले जातात आणि करकर आवाज येऊ लागतो. दुसरा परिणाम मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपणच ओढवून घेतो. गॅरेज तापते म्हणून अनेक जण दरवाजाच्या आतल्या बाजूने उष्णतारोधक फोमचे किंवा काचतंतूंचे पत्रे बसवतात. कल्पना चांगली आहे, पण त्यामुळे १६ बाय ७ फुटांचा दरवाजा सहज दहा-पंधरा पौंडांनी जड होतो आणि स्प्रिंग मात्र जुन्या वजनाचीच राहते. पुढे जो भार स्प्रिंगेने उचलायचा तो ओपनरची, म्हणजे बटणावर दरवाजा उघडणाऱ्या यंत्राची, मोटर उचलत बसते, आणि एक दिवस मोटरही बंद पडते.

आता मुख्य मुद्दा. या कामात उष्णतेने जो खरा धोका वाढतो तो स्प्रिंगेला नसून काम करणाऱ्या माणसाला आहे. दरवाजाच्या वर आडव्या दांड्यावर बसवलेली टॉर्शन स्प्रिंग, म्हणजे पिळाची स्प्रिंग, बदलायची तर दरवाजा पूर्ण खाली आणि पक्का बंद असावाच लागतो. म्हणजे वारा येण्याची मुख्य वाट बंद करून, छताला लागून साचलेल्या गरम हवेत डोके घालून, शिडीवर उभे राहून काम करायचे. आमच्या पश्चिममुखी गॅरेजमध्ये मी तापमापक एकदा जमिनीवर ठेवला आणि एकदा दांड्याजवळ टांगला, तेव्हा दोन्हींत सात-आठ अंशांचा फरक दिसला. भर म्हणून पाणी तापवण्याची गॅसची टाकीही इथल्या अनेक घरांत गॅरेजमध्येच असते.

पिळाचे गणितही लक्षात घ्या. सात फुटी दरवाजाला आणि दरवाजाची केबल गुंडाळणाऱ्या नेहमीच्या चार इंची ड्रमला साधारण साडेसात वळसे पीळ द्यावा लागतो. स्प्रिंगेच्या टोकाच्या भोकात सळई घालून एका वेळी पाव वळसाच देता येतो, म्हणून एका स्प्रिंगेला ३० आणि दोन्हींना मिळून ६० वेळा सळई बदलावी लागते. दोनांपैकी एकच स्प्रिंग तुटलेली असेल तर दुसरीचा पीळ आधी उतरवायचा, त्याचे आणखी ३०. अशा ९० वेळांपैकी एकदा जरी घामट हातातून सळई निसटली, तरी ती तोंडावर, मनगटावर किंवा कवटीवर बसते. १५० पौंडांच्या दरवाजाच्या स्प्रिंगांमध्ये मिळून सुमारे ८०० ज्यूल ऊर्जा साठलेली असते. ८० किलो वजनाचा माणूस एक मीटर उंचीवरून कोसळतो तेव्हा जेवढी ऊर्जा मोकळी होते तेवढी ही आहे.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.

मेधा_डॅलस

सारंग, अत्यंत उपयुक्त लेखन. आमच्याकडे दोन स्प्रिंगा आहेत आणि परवा रात्री त्यांतली एक मोठा आवाज होऊन तुटली. शेजाऱ्यांना गोळीबार झाला असे वाटले. तिच्या मधोमध आता दोन बोटांची फट दिसते आहे. ओपनरचे बटण दाबले की दरवाजा वीतभर उचलला जातो आणि थांबतो. दुसरी स्प्रिंग शाबूत आहे, तेव्हा मिस्त्री येईपर्यंत दिवसातून एकदा ओपनर लावून गाडी काढली तर चालेल का? आम्ही भाड्याच्या घरात राहतो हेही सांगून ठेवते.

सारंग_चँडलर

मेधा, कृपया ओपनर अजिबात वापरू नका. ओपनरची मोटर तोललेला दरवाजा पुढेमागे सरकवण्यापुरतीच असते. पूर्ण वजन उचलणे हे तिचे काम नाही. तुमचा दरवाजा वीतभर उचलून थांबतो आहे, म्हणजे मोटरचे सुरक्षा-बंधन काम करते आहे. ते पुन्हा पुन्हा ताणले तर आतली प्लास्टिकची दातेरी चाके झिजतील, किंवा दरवाजा अर्ध्यावर जाऊन तिरका होईल आणि एका बाजूची केबल ड्रमवरून उतरेल. केबल उतरली की साधे काम अवघड होऊन बसते.

गाडी काढणे अपरिहार्यच असेल तर दरवाजा पूर्ण बंद असताना ओपनरची लाल दोरी ओढून तो मोकळा करा, तीन सशक्त माणसांनी खालून सारखा जोर लावून दरवाजा वर न्या, दोन्ही बाजूंच्या रुळांवर सर्वांत खालच्या रोलरच्या लगेच खाली लॉकिंग प्लायर, म्हणजे आवळून अडकून राहणारी पक्कड, घट्ट आवळा, दरवाजाखाली लाकडी खांब उभा करा, आणि त्यानंतरच गाडी बाहेर काढा. मुलांना घरातच ठेवा. दरवाजा खाली आणतानाही तीन माणसे हवीत, कारण खाली येताना त्याचे वजन वाढत जाते. त्यानंतर गाडी बाहेरच ठेवा आणि दरवाजाला हात लावू नका.

भाड्याचे घर असल्याने घरमालकाला आजच लेखी कळवा आणि तुटलेल्या स्प्रिंगेचे छायाचित्र सोबत पाठवा. अशी दुरुस्ती सहसा मालकाच्या जबाबदारीत येते आणि तुम्ही स्वतः हात घातला तर ती जबाबदारी उगाच तुमच्यावर येऊ शकते. शिवाय, शाबूत राहिलेली स्प्रिंगही तितकीच आवर्तने झालेली आहे. दोन्ही एकाच वेळी बदलण्याचा आग्रह धरा. एकच बदलली तर काही महिन्यांत हाच प्रसंग पुन्हा येईल.

यंत्रवेडा

धाग्यातली माहिती चांगली आहे, परंतु सूर मला जरा अधिक भीतिदायक वाटतो. हे काम अमेरिकेत हजारो लोक घरी करतात. योग्य सळया आणि योग्य स्प्रिंग असेल तर काम सरळ आहे, आणि मिस्त्री जे काही शे डॉलर घेतो त्यातला मोठा भाग वाचतो. उलट अर्धवट माहितीमुळे लोक स्क्रू-ड्रायव्हर घालून पीळ देतात, आणि अपघात तिथे होतात. तेव्हा करू नका म्हणण्याऐवजी पद्धत नीट सांगावी असे माझे मत आहे. तसेही, काही जण करणारच.

सारंग_चँडलर

तुमचे म्हणणे रास्त आहे. जे करणारच आहेत त्यांना अपुरी माहिती देणे हेही धोक्याचेच आहे. म्हणून सविस्तर लिहितो. मात्र ज्यांच्या दरवाजाची स्प्रिंग दांड्यावर उघडी दिसत नाही आणि दांड्याच्या जागी जाड नळी दिसते, त्यांची रचना वेगळी असू शकते. वेन डाल्टनच्या टॉर्कमास्टर रचनेत स्प्रिंग नळीच्या आत असते आणि पीळ देण्याची पद्धत निराळी आहे. खालची माहिती तिला लागू नाही.

मोजमापापासून सुरुवात करावी लागते, आणि माझ्या मते अर्ध्याहून अधिक चुका इथेच होतात. पीळ उतरलेल्या किंवा तुटलेल्या स्प्रिंगेचे २० वेढे एकमेकांना चिकटलेले असताना त्यांची लांबी मोजा आणि तिला २० ने भागा. साडेचार इंच आली तर तार ०.२२५ इंचाची, चार पूर्णांक अकरा सोळांश आली तर ०.२३४ ची, पाच इंच आली तर ०.२५० ची. फरक डोळ्यांना दिसत नाही, परंतु स्प्रिंगेचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. ०.२२५ च्या जागी ०.२३४ ची तार बसवली, बाकी सारे तसेच ठेवले, तर ताठपणा सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो. १५० पौंडांच्या दरवाजावर हा २५ पौंडांचा फरक झाला. असा दरवाजा हातातून सुटला तर वेगाने वर जातो. तारेसोबत स्प्रिंगेचा आतला व्यास, पीळ नसतानाची एकूण लांबी आणि पिळाची दिशा ही मापेही घ्या. पीळ देण्याच्या शंकूचा, म्हणजे स्प्रिंगेच्या टोकावरच्या भोकांच्या तुकड्याचा, रंग लाल असेल तर ती सहसा उजव्या पिळाची आणि काळा असेल तर डाव्या पिळाची असते, पण वर्षानुवर्षांच्या धुळीने रंग ओळखू येत नाही, म्हणून तारेचे टोक कोणत्या बाजूला वळते हेही पाहून ठेवा.

दरवाजाला उष्णतारोधक पत्रे बसवले असतील तर जुन्या स्प्रिंगेच्या मापावर विसंबू नका. पीळ पूर्ण उतरल्यावर दरवाजाच्या मध्यभागी खाली माणसांचे वजन करायचा काटा ठेवून दरवाजाचे वजन घ्या आणि त्या वजनाला जुळणारी स्प्रिंग मागवा. त्याच वेळी जाड तारेची, अधिक लांबीची, २०,००० किंवा अधिक आवर्तनांची स्प्रिंग घ्यावी असे मी सुचवेन. किंमत थोडी वाढते, पण मजुरी तीच राहते.

सळया १८ इंच लांबीच्या, अर्धा इंच व्यासाच्या, भरीव पोलादाच्या आणि शंकूच्या भोकात पूर्ण तळाशी टेकणाऱ्याच हव्यात. स्क्रू-ड्रायव्हर, पान्हा किंवा बांधकामाची गज-सळई यांपैकी काहीही चालत नाही, कारण सैल बसलेली वस्तू भोकातून निसटते. ओपनरचा प्लग काढा, दरवाजा पूर्ण खाली असल्याची खात्री करा आणि दोन्ही रुळांवर रोलरच्या वरच्या बाजूला लॉकिंग प्लायर आवळा, म्हणजे पीळ देताना दरवाजा अचानक उचलला जाणार नाही. शिडी स्प्रिंगेच्या समोर नको, एका बाजूला असू द्या, आणि डोके सळईच्या फिरण्याच्या रेषेत कधीही आणू नका.

पीळ उतरवताना पहिली सळई भोकात घालून तिच्यावर भार घ्या, मगच सेटस्क्रू, म्हणजे शंकू दांड्यावर आवळून धरणारे स्क्रू, सैल करा. पाव वळसा सोडा, दुसरी सळई पुढच्या भोकात घाला, तिच्यावर भार घ्या आणि पहिली काढा. दोन्ही सळया एकाच वेळी बाहेर असण्याचा क्षण येताच कामा नये. पीळ उतरण्याआधी स्प्रिंगांची आतली टोके भिंतीला धरून ठेवणाऱ्या मधल्या पट्टीचे बोल्ट सोडू नका. एक स्प्रिंग तुटली म्हणून सगळा ताण गेला असे अनेकांना वाटते, पण दुसरी पूर्ण पिळलेली असते, आणि मधली पट्टी सुटली की ती तिथेच मोकळी होते. दरवाजाच्या खालच्या कोपऱ्यांवरील पट्ट्यांना केबल अडकवलेली असते. ताण असताना त्यांनाही हात लावायचा नाही.

नवी स्प्रिंग बसवल्यावर तिच्यावर खडूने एक सरळ आडवी रेघ ओढा. पीळ देत गेल्यावर ती रेघ स्प्रिंगेभोवती गुंडाळली जाते, आणि साडेसात वळसे झाले की वरून तितके पट्टे मोजता येतात. उन्हात थकलेल्या माणसाचे मोजणे हमखास चुकते, म्हणून ही रेघ मला फार मोलाची वाटते. सर्वसाधारण रचनेत सळई वरच्या दिशेने ढकलून पीळ दिला जातो. प्रत्येक वळशाला स्प्रिंग तारेच्या एका जाडीने लांब होते, तेव्हा वेढ्यांना जागा राहावी म्हणून शेवटी शंकू पाव इंच बाहेर ओढून मगच सेटस्क्रू आवळा. ते दांड्याला टेकल्यावर अर्धा ते पाऊण वळसा पुरतो. त्याहून अधिक आवळल्यास पोकळ दांडा चेपतो.

हे सगळे नोव्हेंबरच्या सकाळी एखादा सावध माणूस, मदतनीस जवळ असताना, करू शकेल हे मला मान्य आहे. जुलैबद्दल माझे मत बदललेले नाही. इथे साडेपाचला उजाडते, सरावलेला मिस्त्री तासाभरात काम आटोपतो, परंतु नवख्याला तीन-चार तास लागतात आणि नेमका शेवटचा, सर्वांत जास्त ताणाचा पीळ द्यायची वेळ येते तेव्हा ऊन चढलेले असते. २०२३ मध्ये ३० जूनपासून फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांवर गेला होता आणि कित्येक रात्री तो ३२ च्या खाली उतरला नव्हता. अशा दिवसांत पहाटेचे गॅरेजही थंड नसते.

विदर्भवासी

नागपूरहून लिहीत आहे. आमच्याकडे असे गॅरेज क्वचितच, पण दुकानांच्या लोखंडी शटरच्या स्प्रिंगांबाबत अगदी हाच अनुभव आहे. मे महिन्यात इथे आणि चंद्रपूरला पारा ४५-४६ वर जातो. शटर मिस्त्री दुपारी स्प्रिंगेला हात लावत नाही; तो संध्याकाळी येतो किंवा सकाळी दुकान उघडण्याआधी. शटर पश्चिमेकडे असेल तर पाइपाला हात लावता येत नाही इतका तो तापतो. आमच्या ओळखीतल्या एका जुन्या मिस्त्रीचा दंडक असा की पीळ देणाऱ्याशी कोणी बोलायचे नाही आणि त्याला कोणी घाई करायची नाही, दुकानदाराचा माल उन्हात पडला असला तरी. तुम्ही केलेला ८०० ज्यूलचा हिशेब त्याला वाचून दाखवणार आहे.

एक प्रश्न आहे. स्प्रिंगेला कोणते वंगण द्यावे? आमच्याकडे सर्रास जुने इंजिन ऑइल ओततात.

सारंग_चँडलर

घाई करू न देण्याचा तो दंडक मला फारच पटला. गॅरेजमध्येही पीळ देताना कोणीतरी घरातून डोकावून आणखी किती वेळ असे विचारते, आणि लक्ष उडते.

जुन्या इंजिन ऑइलमध्ये धातूचे कण आणि काजळी असते, शिवाय ते ठिबकते आणि धूळ धरते. त्याऐवजी गॅरेजच्या दरवाजासाठी मिळणारा सिलिकोनचा किंवा पांढऱ्या लिथियमचा फवारा स्प्रिंगेच्या वेढ्यांवर हलकाच मारा, दरवाजा दोन-चार वेळा वरखाली करा आणि जादाचे वंगण फडक्याने पुसून टाका. डब्ल्यूडी-४० चा साधा निळा डबा गंज सोडवायला आणि साफसफाईला ठीक आहे, पण उन्हात तो लवकर उडून जातो आणि वेढे पुन्हा कोरडे पडतात. रुळांना मात्र ग्रीस लावू नका. धूळ साचून तिथे चिखलासारखा थर बसतो. रूळ कोरड्या फडक्याने पुसले की पुरे. वाळवंटी भागात हे काम वर्षातून दोनदा करावे, उन्हाळ्याच्या तोंडावर आणि धुळीचा मोसम संपल्यावर.

ह्यूस्टनकर

कोरड्या उन्हाबद्दल बरेच लिहिले गेले आहे. दमट उन्हाबद्दल थोडी भर घालतो. आमच्याकडे, आणि मला वाटते मुंबई, गोवा किंवा दुबईच्या किनाऱ्यावरही, स्प्रिंगेचा मुख्य शत्रू गंज आहे. वरवरचा तांबूस थर पुसता येतो, पण गंजाने तारेला बारीक खड्डे पडले की तिथूनच थकव्याची चीर सुरू होते आणि १०,००० चा हिशेब कोलमडतो. फडके फिरवल्यावर बोटाला तार खडबडीत लागली तर ती बदलायची वेळ जवळ आली आहे असे मी समजतो. जस्ताचा किंवा पावडरचा लेप दिलेल्या स्प्रिंगा घेतल्या तर गंज लांबतो. मात्र जस्त-लेपित स्प्रिंगांचा ताण कालांतराने थोडा उतरतो, म्हणून बसवल्यावर काही महिन्यांनी तोल पुन्हा तपासून घ्यावा.

दमट हवेत घाम सुकत नाही हेही विसरू नये. आमच्या मिस्त्रीने चामड्याचे हातमोजे काढून ठेवले होते, कारण ओल्या मोज्यात सळई सरकते. तो प्रत्येक पाच-सहा पिळांनंतर सळई आणि हात टॉवेलने पुसत होता.

अपर्णा_टेम्पी

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आई-बाबा सोलापूरहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. दुपारी दोघेच घरी असतात. वीज गेली तर लाल दोरी ओढून दरवाजा हाताने उघडा असे मी त्यांना सांगून ठेवले आहे. स्प्रिंग तुटली असेल आणि त्यांनी ती दोरी ओढली तर काय होईल? बाबा ७४ वर्षांचे आहेत आणि कोणतेही काम हातावेगळे केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

सारंग_चँडलर

अपर्णा, हा प्रश्न विचारलात हे फार बरे केले. दरवाजा खाली बंद असेल तर दोरी ओढल्याने काही होत नाही. तो फक्त ओपनरपासून सुटतो, आणि स्प्रिंग तुटलेली असेल तर एकट्याने सहज उचलवत नाही. धोका दरवाजा वर किंवा अर्ध्यावर असताना आहे. त्या वेळी ओपनरचा दांडाच त्याला धरून असतो. दोरी ओढली की ६०-७० किलोंचा दरवाजा सरळ खाली येतो. तेव्हा काका-काकूंना एवढेच सांगा की दरवाजा वर असताना दोरीला हात लावायचा नाही, आणि बंद असताना दोरी ओढूनही तो एका हाताने सहज उचलला गेला नाही तर जोर न लावता तसाच सोडून पुढच्या दाराने बाहेर जायचे. एका कागदावर मराठीत लिहून तो दोरीजवळ चिकटवलात तर अधिक उत्तम.

त्यांना दुपारी गॅरेजमध्ये काहीही दुरुस्त करू देऊ नका. चक्कर, मळमळ, पोटऱ्यांत गोळे येणे ही उष्णतेने शरीर थकल्याची लक्षणे आहेत. बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात असू शकतो. तेव्हा ९११ लावायचे आणि गार पाण्याने अंग ओले करत राहायचे. उन्हात काम करणाऱ्यांसाठी दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला पाणी असा सल्ला इथल्या कामगार सुरक्षा खात्याकडून दिला जातो. तहान लागेपर्यंत थांबायचे नसते.

यंत्रवेडा

सविस्तर उत्तराबद्दल आभार. ९० वेळा सळई बदलण्याचा हिशेब मी कधी केला नव्हता. माझ्या घरी मात्र दांड्यावरची नव्हे, दोन्ही बाजूंच्या आडव्या रुळांवर ताणलेली जुन्या पद्धतीची स्प्रिंग आहे. तिच्याबद्दलही लिहावे.

सारंग_चँडलर

ती एक्स्टेन्शन स्प्रिंग, म्हणजे ताणाची. तिचा एक मोठा फायदा असा की दरवाजा पूर्ण उघडा असताना ती सैल असते, त्यामुळे काम उघड्या दरवाजाने, वाऱ्यात करता येते. स्वतः करायचेच असेल तर याच प्रकाराला मी होकार देईन. ओपनरचा प्लग काढा, दरवाजा पूर्ण वर न्या, दोन्ही रुळांवर खालच्या रोलरखाली लॉकिंग प्लायर आवळा, आणि मगच कप्पी व हूक सोडा. स्प्रिंगेच्या टोकावरचा रंग तिची क्षमता सांगतो. हिरवा १२० पौंडांच्या, निळा १४० च्या आणि लाल १५० च्या दरवाजासाठी. रंग उडालेला असेल तर दरवाजाचे वजन घ्यावे, अंदाज करू नये.

एक गोष्ट मात्र तडजोडीची नाही. प्रत्येक स्प्रिंगेच्या पोकळीतून सुरक्षा केबल ओवलेली असून तिची दोन्ही टोके पक्की बांधलेली असली पाहिजेत. जुन्या घरांत ती बहुधा नसते. केबल नसताना ताणलेली स्प्रिंग तुटली तर तिचे तुकडे गाडीची काच फोडून पलीकडे जातात. स्प्रिंग अजून चांगली असली तरी ही केबल याच आठवड्यात घालून घ्या. ती स्वस्त आहे.

मेधा_डॅलस

इथे नोंदवते की घरमालकाने मिस्त्री पाठवला. तो सकाळी सहाला आला आणि ऊन चढायच्या आत दोन्ही स्प्रिंगा बदलून गेला. मी त्याला दोन गोष्टी विचारल्या. पहिली, नव्या स्प्रिंगा किती आवर्तनांच्या आहेत. त्याने २५,००० सांगितले आणि पावतीवर तसे लिहूनही दिले. दुसरी, हमीत मजुरी धरली आहे का. ती फक्त सुट्या भागाची होती, मजुरीची नव्हती. काम झाल्यावर आपण स्वतः काय तपासावे, ते कृपया सांगावे.

सारंग_चँडलर

मेधा, उत्तम झाले. दरवाजा बंद असताना लाल दोरी ओढा आणि हाताने दरवाजा कमरेइतका उचलून सोडा. तो जागीच थांबला, किंवा जेमतेम इंच-दोन इंच सरकला, तर तोल बरोबर आहे. खाली कोसळत असेल तर पीळ कमी आहे, आपोआप वर जात असेल तर जास्त आहे. दोन्ही वेळा मिस्त्रीला परत बोलवा, कारण पाव-अर्ध्या वळशाची ही दुरुस्ती त्याच कामाचा भाग आहे.

त्यानंतर ओपनर जोडून जमिनीवर, दरवाजाच्या वाटेत, दीड इंच जाडीची लाकडी फळी आडवी ठेवा आणि दरवाजा बंद करा. फळीला टेकताच तो उलटा वर गेला पाहिजे. १९९३ पासून बनलेल्या ओपनरांना अडथळा ओळखण्याची सोय अमेरिकेत कायद्याने सक्तीची आहे, पण स्प्रिंग बदलल्यावर ओपनरचा जोर पुन्हा जुळवावा लागतो आणि ते अनेकदा राहून जाते. दोन्ही बाजूंचे प्रकाश-डोळे, म्हणजे वाटेतला अडथळा प्रकाशकिरणाने ओळखणारे संवेदक, जमिनीपासून सहा इंचांच्या आत आहेत ना, तेही पाहा. संध्याकाळचे ऊन थेट डोळ्यावर पडून दरवाजा बंद व्हायचे नाकारत असेल, तर पाठवणारा आणि घेणारा डोळा यांच्या बाजूंची अदलाबदल करून घ्यावी.

शेवटी दरवाजाच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यात, न पुसणाऱ्या पेनने आजची तारीख, तारेची जाडी, स्प्रिंगेची लांबी, दरवाजाचे वजन आणि २५,००० हा आकडा लिहून ठेवा. तुमच्यानंतर त्या घरात जे राहायला येतील, त्यांना ही मापे शोधायला पिळलेल्या स्प्रिंगेजवळ जावे लागणार नाही.